बाईंचा आवाज

रेकॉर्ड कंपनीच्या इंटरनेटवरच्या पानावर बाईंची नऊ गाणी होती. त्यांतली दोन दुसऱ्याच गायिकेची, एक मधेच तुटलेलं, आणि सगळ्यांवर मिळून एकच फोटो. फोटोतल्या माणसाला मिशी होती.

मामानं कंपनीला हे पहिल्यांदा कळवलं तेव्हा भाची शाळेत होती. आता ती भौतिकशास्त्राची पदवी घेऊन नोकरीची वाट बघत मामाकडे राहत होती, आणि मिशी होती तिथंच होती. मधल्या काळात मामानं आपल्या जुन्या रेकॉर्डींवरची बासष्ट गाणी कॉम्प्युटरवर उतरवून लोकांसाठी फुकट ठेवली. बघता बघता चार हजार माणसं ऐकायला लागली. तेव्हा मात्र कंपनीला जाग आली. हक्क आमचे आहेत म्हणून तिनं सगळी गाणी काढायला लावली आणि पुन्हा डोळे मिटले.

मामा अधूनमधून कंपनीत फोन करायचा. पलीकडची मुलगी दर वेळी नवी असायची आणि बाईंचं नाव कसं लिहायचं ते विचारायची. हल्ली मामा चिडतही नसे. एकेक अक्षर सांगायचा, आभार मानायचा आणि फोन ठेवायचा.

आणि गेल्या आठवड्यात, कुणाला काही न सांगता-सवरता, कंपनीनं सगळी बासष्ट गाणी टाकली. रेकॉर्डी छापायच्या, कारखान्यात जपलेल्या मूळ साच्यांवरून घेतली आहेत, असं खाली लिहिलं होतं. मिशी गेली होती.

मामानं पहिलं गाणं लावलं आणि पहिल्या कडव्याच्या आतच बंद केलं.

"ही बाई नव्हेच," तो म्हणाला. "आवाज जाड केलाय. म्हातारी करून टाकली तिला."

चाहत्यांच्या गटातही हाच सूर निघाला. त्यांनी बाई ऐकल्या होत्या त्या मामाच्या रेकॉर्डींवरूनच. सगळ्यांच्या वतीनं पत्र पाठवायचं ठरलं, की ही गाणी काढून टाका. लिहायचं मामानं, कारण त्याच्या कानावर सगळ्यांचा भरवसा. एकदा काढलेली गाणी कंपनी पुन्हा चढवायची नाही, हे मामालाही ठाऊक होतं. पण चुकीच्या बाई असण्यापेक्षा नसलेल्या बऱ्या, असं त्याचं म्हणणं. कंपनी कानावर विश्वास ठेवणार नाही, तिला आकडे लागतील, म्हणून त्यानं भाचीला कामाला लावलं.

तिनं दोन्हीकडची गाणी शेजारी शेजारी ठेवून मोजली. मामाकडे तीन मिनिटं चालणारं गाणं कंपनीकडे नऊएक सेकंद जास्त चालत होतं, आणि सूर जवळजवळ अर्ध्या स्वरानं खाली होता. तिला वाटलं, एखाद्याच गाण्यात गडबड असेल. म्हणून तिनं एकूण एक गाणी तपासली. फरक सगळीकडे तेवढाच होता.

"म्हणजे एकाच बिघडलेल्या यंत्रावर सगळी उतरवलीत," मामा म्हणाला. "बाईंना मिशी लावणारी माणसं. दुसरं काय करणार?"

भाची पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. मामीनं फोनवर कंपनीचं गाणं लावून ठेवलं होतं आणि भाजी चिरता चिरता ती त्याच्याबरोबर गात होती. इतक्या वर्षांत भाचीनं तिला कधी गाताना ऐकलं नव्हतं.

"मामी, तुला गाता येतं?"

"माहेरी गायची की. आमच्या बाबांकडे होती ना ही रेकॉर्ड. या घरात आल्यावर तुझ्या मामाच्या प्लेअरबरोबर गायला गेले, तर वरच्या सुराला आवाज फाटायला लागला. हे म्हणाले, सूर सांभाळ. मग सांभाळला. गप्प बसून."

फोनवरच्या बाई वरच्या सुराला पोचल्या. मामीही पोचली.

"त्यांनी खाली आणलंय ना सगळं," बाहेरून मामाचा आवाज आला, "म्हणून जमतंय तुला."

मामीनं फोन बंद केला आणि कढईवर झाकण ठेवलं.

संध्याकाळपर्यंत पत्र तयार झालं. शेवटी मामानं लिहिलं होतं, की आमचं यंत्र ठरलेल्या वेगानंच चालतं. न मोजता असं लिहिता येणार नाही, वेग बदलला की सूरही बदलतो, भाची म्हणाली. मामाला हसू आलं. ज्यानं प्लेअर विकला त्यानंच वेगाचा स्क्रू लावून दिला होता, आणि त्याला आपण आजवर बोटही लावलेलं नाही, हे त्यानं अभिमानानं सांगितलं. पण ती ऐकेना.

रेकॉर्डच्या पाकिटावरच छापलं होतं, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे. तिनं रेकॉर्डच्या कडेला कागदाचा एक कपटा चिकटवला आणि शेजारी पेन्सिल अशी धरली, की दर फेऱ्याला कपटा तिच्यावर टक करून आपटावा. मामा घड्याळ धरून बसला. त्याच्या दुसऱ्या हाताचं बोट पत्र पाठवायच्या बटणावर होतं.

"अठ्ठ्याहत्तर लिहून टाक आधीच," तो म्हणाला. "वेळ वाचेल."

हात पुसत मामी दारात येऊन उभी राहिली. भाचीनं सुई ठेवली. बाई गायला लागल्या, कोवळ्या, उंच आवाजात, आणि खाली कपटा टकटक करत राहिला. मिनिट झाल्यावर मामानं हात वर केला.

 भाचीनं सुई उचलली आणि पुन्हा सुरुवातीला ठेवली. या वेळी तिच्याबरोबर मामानंही ओठांतल्या ओठांत फेरे मोजले.

ब्याऐंशी भरले.