सरळ घे

धरणानं गाव गिळलं, शहराचे नळ वाहू लागले आणि गावच्या गवंड्याला त्याच पाण्यावर लाँच चालवायची नोकरी मिळणार होती, परीक्षेत पास झाला तर. परीक्षक साहेब बूट भिजू नयेत म्हणून पाय आखडून बसले होते, शेजारी पलीकडच्या काठाला निघालेली एक म्हातारी. मोकळ्या पाण्यात लाँच डावीकडे वळली, मग उजवीकडे. "प्यायलास काय रे? सरळ घे!" "साहेब, खाली गल्ली आहे. सरळ गेलो तर आत्याच्या स्वयंपाकघरात शिरेन." साहेब खदखदून हसले. "कुठंय तुझी आत्या?" "ही काय, तुमच्या शेजारी." साहेबांचं हसू आटलं, आवाज चढला. "सरळ घे, नाहीतर नापास!" गवंड्याचा हात सुकाणूवर थांबला. ते घर त्यानंच बांधलं होतं. "घे रे आतून," आत्या म्हणाली. "पोटापुढे कसली भिंत?" लाँच सरळ निघाली. आत्यानं चपला काढल्या. "साहेब, बूट काढा. घर आलं."