आवाज एकदम क्लिअर
निवृत्तीच्या समारंभात आईने खुणांच्या भाषेत केलेलं भाषण स्टुडिओतल्या टीव्हीवर सुरू होताच लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोटांच्या जागी नुसता चौकोनी ठिपक्यांचा लगदा होता. “चार तासांचं एचडी शूटिंग एकाच डीव्हीडीत कोंबलंत?” “तुमच्याच सोयीसाठी, ताई,” स्टुडिओवाला म्हणाला. “चित्र थोडं दबतंच. आवाज ऐका की, एकदम क्लिअर!” आवाज सभागृहातल्या पंख्यांचा होता. “अहो, आई बहिरी आहे! तीस वर्षं तिने बहिऱ्या मुलांनाच शिकवलं. ही डिस्क त्यांना द्यायचीय. तिचं बोलणं बोटांत आहे!” “एवढं बारीक कोण बघतं?” तो हसला. शेजारी बसलेल्या आईने ओठांवरून ते वाचलं, उठून त्याच्या नाकासमोर बोटं नाचवत त्याला फैलावर घेतलं. तो गोरामोरा झाला. “काय म्हणतायत या?” डिस्क परत सरकवत लेक म्हणाली, “एवढं बारीक कोण बघतं!”