यादीत नसलेलं ड्रोन

"गेडामबाई, त्या ड्रोनमध्ये सर्पदंशाचं औषध आहे! पाडू नका ते!" वीज केंद्राचे प्रमुख भागवतसाहेब फोनवर ओरडत होते. बंगल्याच्या बागेत त्यांच्या मुलीला घोणस चावली होती.

सुलभा गेडामने पडद्याकडे पाहिलं. केंद्राच्या छतावरच्या, ड्रोन पाडणाऱ्या प्रक्षेपकाने तो ठिपका हेरला होता. यादीत नसलेलं प्रत्येक ड्रोन तो आपणहून पाडायचा आणि यादी रोज सकाळी साहेबांच्या सहीने नवी व्हायची. आज खंडेनवमी. साहेबांनी स्वतः प्रक्षेपकाला झेंडूचा हार घातला, सहीचं यंत्रही पूजेत मांडलं आणि सही राहूनच गेली.

"यादीत नाही, साहेब. लेखी अर्ज करा. तीन दिवस लागतील."

 हे साहेबांचेच शब्द होते. गेल्या वर्षी सुलभाच्या भावाला साप चावला, तेव्हा त्याचं औषध घेऊन निघालेलं ड्रोन असंच केंद्रावरून जात होतं. ती फाटकाशी रडत उभी होती, तरी साहेबांनी प्रक्षेपक थांबवायचं बटण कुणाला दाबू दिलं नाही आणि ड्रोन पाडलं गेलं. भाऊ चाळीस मिनिटं तडफडला आणि गेला. मग तिने हीच नोकरी मिळवली.

"बाई, पाया पडतो तुमच्या!"

छतावर प्रक्षेपकाची नळी वळली, तसा हार तुटून खाली पडला. सुलभाने थांबवायचं बटण दाबलं. नळी थांबली, ड्रोन बंगल्याच्या दिशेने पुढे गेलं.

"पाडलं, साहेब," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

ड्रोन बंगल्यावर उतरायला चार मिनिटं होती. भावाच्या त्या चाळीस मिनिटांतली चारच तिने साहेबांना दिली.