दुरुस्त केलेली रोवळी

सुमिएनं दारातच गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं आणि मिठाईची पेटी तोकुजीपुढे सरकवली.

"तोकुजीकाका, माझ्या हातून तुमची रोवळी मोडली. चूक झाली. माफ करा."

जपानातल्या बेप्पूच्या या गल्लीत तोकुजी पन्नास वर्षं बांबू विणत आला होता. त्याच्या रोवळीत तांदूळ धुतले, तर एक दाणा खाली पडत नाही, असं बायका एकमेकींना सांगायच्या. पण तीन वर्षांपूर्वी त्याचा उजवा अंगठा जो आखडला, तो काही सुटला नाही. बांबूच्या कामट्या सोलता येईनात. हे चारचौघांत सांगायचं म्हणजे मान खाली. मग त्यानं बंदरावरच्या व्यापाऱ्याकडून परदेशी, तयार रोवळ्या मागवल्या आणि तापल्या लोखंडानं त्यांच्या कडेवर आपल्या नावाचा छाप मारला. गिऱ्हाइकं नाव बघून घेत राहिली. हा छाप मारत राहिला आणि स्वतःला बजावत राहिला, की अंगठा सुटेपर्यंतच हे.

"अगं, रोवळीच ती. एवढं काय त्यात," तो कसाबसा म्हणाला.

"सासूबाई ऐकत नाहीत ना. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला पाहुणे बसले होते. तांदूळ धुताना बूडच गेलं, सगळा तांदूळ मोरीत. त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, तोकुजींची रोवळी माझ्याकडे तीस वर्षं टिकली, हिच्याकडे नवी तीस दिवस नाही. हात आहेत की काय आहेत. तेव्हापासून मला चुलीकडे फिरकू देत नाहीत. म्हणाल्या, आधी त्यांची माफी मागून ये, मग बघू."

तिच्या सासूची, हात्सुएबाईंची जीभ सगळ्या गल्लीला ठाऊक होती. पोरी, तुझी चूक नाही, एवढंच तोकुजीला म्हणायचं होतं. पण ते म्हटलं, की पन्नास वर्षांचं नाव गेलं. "बरं, बरं. झालं गेलं," असं म्हणून त्यानं चक्क माफी देऊन टाकली, आणि देताना त्याला स्वतःचीच किळस आली.

सुमिएनं कापडातून रोवळी बाहेर काढली. "जमेल तशी दुरुस्त केलीय. न विचारता तुमच्या कामाला हात लावला, तेही चुकलंच माझं."

त्यानं सवयीनं बुडावरून बोटं फिरवली. कामट्यांच्या धारदार कडा बोचत होत्या. घाईघाईत उरकलेला माल, दुसरं काय. मग मधोमध एकदम बोचायचं थांबलं. दुरुस्त केलेल्या तळहाताएवढ्या त्या तुकड्यात सगळ्या कामट्या एकसारख्या सोललेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या दोन्ही कडा तासून बोथट केल्या होत्या. धुणारीच्या बोटांना इजा होऊ नये म्हणून तोही तेच करायचा. ज्याचा जन्म या कामात गेलाय, त्याच्याशिवाय हे कुणाला सुचत नाही.

"माहेर कुठलं गं तुझं?"

"डोंगरापलीकडचं, ताकेताचं. वडील टोपल्याच विणायचे."

"म्हणजे रोवळी हातात घेतलीस, तेव्हाच तुला कळलं असणार."

सुमिए रोवळीच्या कापडाची घडी घालू लागली.

"मग सासूचं एवढं ऐकून कशाला घेतलंस? सांगायचंस की, हा माल म्हाताऱ्याच्या हातचा नाही म्हणून."

ती पेटीकडे बघत म्हणाली, "वडिलांचे हात चालेनासे झाले, तेव्हा त्यांनीही असंच केलं होतं, काका. गावाला कळलं. त्यानंतर ते कधी घराबाहेर पडले नाहीत."

जमिनीनं पोटात घ्यावं, असं तोकुजीला झालं. त्यानं त्या तुकड्यावर आपला आखडलेला अंगठा टेकवला. मग उठला. रोवळी काखेत मारली, न उघडलेली पेटी दोन्ही हातांत धरली आणि रस्त्याला लागला. सुमिए "काका, नको" म्हणत मागून येत राहिली.

हात्सुएबाईंच्या दारात त्यानं गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं आणि पेटी पुढे सरकवली.

"बाई, या रोवळीवर नाव तेवढं माझं आहे. खरं काम आहे, ते तुमच्या सुनेचं."