रविवारचा ऊद

दार लंबूने उघडलं आणि साहेबांच्या नाकात साहेबांचाच वास शिरला. उदाचा. जुन्या लाकडाचा, जरा धुरकट, जरा कडवट. पाच महिन्यांपूर्वी आले होते तेव्हा त्या अत्तराची बाटली ते बाथरूममध्ये विसरून गेले होते.

लंबू म्हणजे साहेबांच्या बाबांना सांभाळायला ठेवलेला माणूस. चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. बाबांनी पहिल्याच दिवशी त्याला हाताने चाचपून मापलं आणि हे नाव ठेवलं. बाबा जन्मभर सुतार. यंत्राच्या करवतीपुढे उभं राहून कान गेले, मग डोळे गेले, पण माप घ्यायची खोड काही गेली नाही. आणि मुलगा मोठ्या हुद्द्यावर चढला तेव्हापासून त्याला घरीदारी सगळे साहेबच म्हणायचे.

साहेबांनी बूट काढायच्या आधीच लंबूला फैलावर घेतलं. दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावू नये एवढंही कळत नाही का, आज अत्तर लावलंस, उद्या माझे कपडे घालून हिंडशील. लंबूने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

"आज रविवार आहे ना, साहेब," तो म्हणाला.

"मग?"

मग सगळं बाहेर आलं. बाबा दर रविवारी सकाळपासून विचारायचे, आला का? लंबू त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगायचा, कामात आहेत, पुढच्या रविवारी येतील. असे चार रविवार गेले. पाचव्या रविवारी बाबांनी ताट सरकवलं. तेव्हा लंबूला काय सुचलं कोण जाणे, त्याने ती बाटली घेतली, मनगटावर जरासं अत्तर लावलं आणि अवाक्षर न बोलता त्यांच्याजवळ जाऊन बसला. बाबांनी वास घेतला, "आलास?" म्हणाले, आणि पोटभर जेवले. तेव्हापासून रविवारी तासभर लंबूच साहेब व्हायचा. बारा वाजता त्याची सुट्टी व्हायची, शेजारच्या काकू येऊन बसायच्या, पण हा एक वाजल्याशिवाय हलायचा नाही. एरवी बाटलीला बोटसुद्धा लावत नाही, असं त्याने मुलींची शपथ घेऊन सांगितलं.

साहेबांचे कान तापले. खोटं कशाला सांगा, आधी त्यांना पुन्हा रागच आला, आणि मग त्या रागाची इतकी लाज वाटली की लंबूच्या तोंडाकडे बघवेना. काकूंनाही आज येऊ नका म्हणून सांग, असं म्हणून त्यांनी त्याला घरी पाठवून दिलं.

ही बाटली घेतली तेव्हा दुकानातली मुलगी म्हणाली होती, सर, ऊद सगळ्यांना शोभत नाही, त्याला तशी भारदस्त पर्सनॅलिटी लागते. साहेबांना ते लगेच पटलं होतं. बाबांनी मात्र बाटलीचं झाकण हुंगून सांगितलं होतं, धडधाकट झाडाला हा वास नसतो रे, आतून किडलं की मगच सुटतो. साहेब तेव्हा हसले होते. सुताराचं नाक, दुसरं काय सुचणार.

आता साहेबांच्या अंगाला निराळाच वास होता. उदाने लोकांचं डोकं दुखतं, असं नव्या ऑफिसात कुणीतरी बोललं आणि साहेबांनी तो कधीच सोडून दिला होता. आजच्या वासावर बाबा ओळखणार नव्हते. कानाशी ओरडून सांगावं, तर पाच महिने कुठे होतास याचं उत्तरही ओरडूनच द्यावं लागलं असतं. त्यांनी बाथरूममध्ये जाऊन साबणाने मनगटं धुतली आणि तळाशी उरलेला ऊद लावला. आपल्याच बापासमोर जायला आपलंच सोंग घ्यायची वेळ आली होती.

ते खुर्ची ओढून बाबांच्या पलंगाशी बसले. बाबांच्या नाकपुड्या हलल्या.

"लंबू," बाबा म्हणाले.

साहेबांनी पुढे केलेला हात तसाच राहिला.

"पुरे झालं रे आता. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. माझ्या लेकाचं बूड कधी पाच मिनिटं एका जागी टिकलंय? आणि तू तासभर बसतोस. वास लावून कुणी दुसरा होतो होय?" बाबा हसले. त्या हसण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तू एवढं करतोस म्हणून तुझं मन मोडवेना. पण तुझ्या पोरी घरी वाट बघतात. तो यायचा तेव्हा येईल, मी काही रुसलेलो नाही. जा तू. जाताना तेवढं पाणी दे."

साहेब उठले. टेबलावर तांब्या होता, पेला होता. त्यांनी पेला काठोकाठ भरला आणि बाबांच्या हातात दिला. बाबा तोटीच्या कपातून पाणी प्यायचे. तो अर्धाच भरायचा असतो आणि आधी मानेखाली हात घालून त्यांना उठवायचं असतं. कप उशाशीच, खणात होता.

बाबांनी निजल्या निजल्या पेला तोंडाला लावला. त्यांना ठसका लागला आणि पाणी गळ्यावरून सदऱ्यात गेलं. साहेब टॉवेल शोधायला लागले. इकडचं कपाट उघडलं, तिकडचं उघडलं. टॉवेल कुठे असतो हे त्यांना माहीत नव्हतं.

बाबांनी आपल्या तळहातानेच छाती पुसली. मग पेला चाचपून पाहिला, त्याच्या काठावरून सावकाश बोट फिरवलं.

"कधी आलास रे?" त्यांनी विचारलं.