बाकांखालची घाण

शाळेत साफसफाई करणाऱ्या मावशींना सगळ्यात जास्त शिसारी यायची ती पोरांनी चघळून बाकांखाली चिकटवलेल्या च्युइंगमची. पत्र्याच्या पट्टीने ते खरवडताना त्या रोज नाक मुरडायच्या, "शी! काय कार्टी आहेत! यांच्या आयांनी वळण म्हणून काही लावलंच नाही."

आज मात्र नवलच घडलं. चौथीच्या वर्गातले सगळे बाक खालून अगदी लख्ख! "चला, एका तरी आईने शिकवलं म्हणायचं," असं पुटपुटत मावशी खुशीत घरी आल्या.

दारातच त्यांची चौथीतली लेक स्केटबोर्ड घेऊन उभी होती. फळीवर गुलाबी, हिरव्या, काळपट गोळ्यांचा जाड थर.

"आई, बघ! स्केटबोर्डवाली मुलं एवढी उंच उडतात, तरी फळी पायाला चिकटून राहते ना, ती च्युइंगममुळेच. आख्ख्या वर्गाचे बाक खरवडले मी!"

मावशींनी वाकून फळीवर नख टोचून पाहिलं. "अगं, पण ते तर वाळून दगड झालेलं असतं. चिकटवलंस कसं?"



"त्यात काय? पुन्हा चावलं की मऊ होतं."