शनिवारचा ब्लोअर

“दिवा लागलाय?” बाबांनी खालून विचारलं.

“लागलाय. झडपही उघडली. पण एसीचा ब्लोअर फिरत नाही.”

“रिमोट नीट बघितलास?”

“बघितला, बाबा. कूलवरच आहे.”

क्षिप्रा प्लास्टिकच्या स्टुलावर उभी होती आणि बाबांनी दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं होतं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते स्वतः वर चढत नसत. पण उभा जन्म शिपयार्डात जहाजांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेला, त्यामुळे हुकूम सोडायला त्यांना स्टूल लागत नव्हतं. आधी फिल्टर काढायचा, मग पेन्सिलीने पंखा हलकेच ढकलून बघायचा, मग मेन स्विच बंद करून बाजूचं झाकण उघडायचं. हा क्रम मोडलेला त्यांना खपत नसे.

झाकणामागे मोटरचा छोटा पांढरा प्लग सुटून लोंबत होता.

“सापडला,” क्षिप्रा म्हणाली.

“मशीन थरथरतं गं. निसटतो. एकदा प्लास्टिकची टाय मारून घट्ट बांधून टाकू.”

टायचं अख्खं पाकीट त्यांच्या हत्यारांच्या पेटीत पडून होतं. बाबा दर वेळी विसरायचे आणि क्षिप्रा मनातल्या मनात देवाचे आभार मानायची. कारण प्लग निसटत नव्हता. दर शनिवारी बाबा आंघोळीला गेले की ती स्वतःच तो काढून ठेवत होती.

आई मार्चमध्ये गेली. तेव्हापासून बाबांनी बोलणंच टाकलं होतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, पुण्याहून काकांचा फोन आला तरी घ्यायचे नाहीत. मग एका शनिवारी प्लग निसटून एसी खरोखरच बंद पडला आणि बाबा उठून बसले. “तुझ्या आईला थंडी सोसायची नाही. तिनेच पाडला असेल बंद,” म्हणाले आणि चक्क हसले. दुरुस्ती झाल्यावर दोघं इमारतीखालच्या हॉकर सेंटरवर, खाण्याच्या स्टॉल्सकडे, जेवायला गेले. क्षिप्रा त्या दिवशी कित्येक आठवड्यांनी पोटभर जेवली. बाबांनी आपल्यातला अर्धा पराठाही तिच्याच ताटात सरकवला.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. क्षिप्राला प्लगचा मिळाला.

स्वतःचं दुःख तिने बाबांना कधी दिसू दिलं नाही. रडू आलं की ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची. घरात दोघांपैकी एकाने तरी धड राहायला हवं होतं.

आणि त्याच्या पुढच्या शनिवारी घोळ झाला. बँकेतली सिस्टिम बसली म्हणून सकाळीच ऑफिसातून बोलावणं आलं. ती धावतपळत निघाली. गाडीने बुकित बातोक स्टेशन सोडलं तेव्हा तिला आठवलं की प्लग जागेवरच राहिलाय.

काम उरकेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. आज एसी सुरळीत चालणार आणि बाबा गार खोलीत भिंतीकडे तोंड करून पडणार. प्रश्न एका शनिवारचा नव्हता. मागच्याच आठवड्यात बाबा तिला म्हणाले होते, “आता कशासाठी जगायचं, सांग.” तिने फक्त पुढच्या शनिवारची वाट पाहिली होती.

दुपारी तिने दार उघडलं तर घर तापलेलं. बाबा हॉलमध्ये बसले होते. शर्ट घामाने चिंब, मांडीवर स्क्रू ड्रायव्हर.

“आलीस? ब्लोअर सुरू होत नाहीये.”

क्षिप्राने पर्स खाली ठेवली. स्टूल एसीखाली आधीच आणून ठेवलं होतं. बाबांनी ते नेहमीसारखं धरलं आणि ती वर चढली. दिवा लागला होता, झडप उघडली होती. फिल्टर काढला. पंखा पेन्सिलीने फिरत होता. मेन स्विच बंद करून तिने झाकण उघडलं.

पांढरा प्लग लोंबत होता.

तिने खाली पाहिलं. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांना जाड बाम चोपडलेला होता. वास वरपर्यंत येत होता. एक पाय लटपटत होता, पण स्टुलावरचे हात सुटले नव्हते.

“मशीन थरथरतं गं, निसटतो,” बाबा वर न बघता म्हणाले. “लाव तो, आणि चल जेवायला. सकाळपासून उपाशी असशील.”

तिने प्लग जागेवर दाबून बसवला.

“आणि बाथरूममध्ये नळ सोडत जाऊ नकोस,” ते हळूच म्हणाले. “तरीही ऐकू येतं मला.”